प्लीब

अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत आणि ॲनापोलिस येथील नौदल अकादमीत पहिल्या वर्षाच्या छात्राला ‘प्लीब’ म्हणतात. कागदोपत्री तो चौथ्या वर्गाचा छात्र असतो, कारण तेथे वर्ग वरून खाली मोजले जातात आणि शेवटच्या वर्षाचा छात्र पहिल्या वर्गात गणला जातो.

‘प्लेबियन’ या शब्दाचे हे तोडलेले रूप मानले जाते. त्याचे मूळ लॅटिन ‘प्लेब्स’ या शब्दात आहे. प्राचीन रोममध्ये पॅट्रिशियन म्हणजे उमराव कुळांबाहेरचे सर्व सामान्य नागरिक प्लेब्समध्ये मोडत. ते गुलाम नव्हते. त्यांना नागरिकत्व होते, पण उच्च पदे व पौरोहित्य दीर्घकाळ त्यांच्यासाठी बंद होते. परंपरेनुसार इ.स.पू. ४९४ मध्ये त्यांनी शहर सोडून जाऊन स्वतःचे प्रतिनिधी नेमण्याचा हक्क मिळवला, तर इ.स.पू. २८७ मध्ये त्यांच्या सभेचे निर्णय सर्व रोमनांवर बंधनकारक ठरले. ही पार्श्वभूमी पाहता शब्दाची निवड चपखल वाटते, कारण प्लीबही शपथ घेतलेला, संस्थेचाच घटक असतो. मान मात्र त्याला अजून मिळवायचा असतो. हवाईदल अकादमीत रूढ असलेला ‘डूली’ हा शब्द ‘दास’ या अर्थाच्या ‘डूलोस’ या ग्रीक शब्दावरून आल्याचे सांगतात, आणि तो अधिक कठोर आहे. रोममधला कमीपणा जन्माने येई. येथे श्रीमंताघरच्या आणि गरीबाघरच्या मुलाला तो सारखाच, एका वर्षापुरता वाट्याला येतो.

या कमीपणाचा गैरफायदाही घेतला गेला. १८९९ मध्ये वेस्ट पॉइंटला दाखल झालेल्या, पुढे अमेरिकेचे नामांकित सेनापती ठरलेल्या डग्लस मॅकआर्थर यांना वरिष्ठांकडून छळ सोसावा लागला, आणि १९०१ च्या सुमारास अमेरिकी काँग्रेसने अशा प्रकारांची चौकशी केली. १९१९ मध्ये अकादमीचे प्रमुख झाल्यावर त्यांनी हे प्रकार आवरण्याचा प्रयत्न केला, याची नोंद आवर्जून घ्यायला हवी.

ॲनापोलिसला वर्षाअखेरीस प्लीब एकमेकांच्या खांद्यांवर चढून, बहुधा चरबी चोपडलेल्या २१ फुटी हर्नडन स्तंभाच्या टोकावरची प्लीबची पांढरी टोपी काढतात आणि तेथे वरच्या वर्गाची टोपी ठेवतात. त्या वेळी खाली ‘आता प्लीब नाही’ असा घोष होतो.