पार्श्वभूमी : विंडोजची ‘नेटवर्क’ खिडकी रिकामी का दिसते?

लिनक्सवर सांबा (विंडोजच्या पद्धतीने फाइल शेअर करणारा प्रोग्रॅम) बसवला, फोल्डर शेअर केलं, युजर बनवला. मॅकवरून पत्ता टाकून ते उघडतं, दुसऱ्या लिनक्सवरून माउंट होतं. विंडोजवर मात्र ‘नेटवर्क’वर क्लिक केलं तर सर्व्हरचं नावच नाही. सर्व्हर ठणठणीत असतो, आणि तरीही तिथून पुढचे दोन तास कॉन्फिग फाइल उलटीपालटी करण्यात जातात.

विंडोज ज्या भाषेत (प्रोटोकॉलमध्ये) फाइल शेअर करतं ती एसएमबी. ती १९८३ची, म्हणजे पहिल्या विंडोजहूनही जुनी. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सकडे १९८४पासून त्याच कामासाठी एनएफएस होतं, पण विंडोज घराघरांत पोचल्यावर लिनक्सला एसएमबी शिकणं भागच होतं. १९९१-९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने केबलवरून जाणारी पॅकेट्स वाचून स्वतःचा सर्व्हर लिहिला. ही भाषा एसएमबी आहे हे त्याला नंतर कळलं. त्याच्या सर्व्हरच्या आधीच्या नावावर ट्रेडमार्कची हरकत आली, तेव्हा एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने असलेले शब्द त्याने शब्दयादीत शोधले आणि ‘सांबा’ उचलला. १९९६मध्ये एसएमबीचं सीआयएफएस असं नवं बारसं झालं. ते नाव विंडोजच्या जगातून केव्हाच मागे पडलं, लिनक्सच्या माउंट कमांडमध्ये मात्र अजून ठाण मांडून आहे.

खरा गुंता त्या खिडकीचा. जुन्या विंडोजमध्ये या खिडकीचं नाव ‘नेटवर्क नेबरहूड’ होतं; त्या काळात तिच्यातली संगणकांची यादी कुठल्या ठरावीक सर्व्हरवर नसायची. संगणक आपसात चक्क निवडणूक घेत आणि जिंकलेला ‘मास्टर ब्राउझर’ यादी सांभाळायचा. बाकीच्यांनी साधारण दर १२ मिनिटांनी हजेरी लावायची. तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कटलं. त्यामुळे बंद केलेला संगणक अर्धा तास यादीत भुतासारखा दिसायचा आणि नुकताच सुरू केलेला गायब असायचा. जुन्या सांबा मार्गदर्शिकांत ‘ओएस लेव्हल = ६५’ ही ओळ सापडते ती याच निवडणुकीसाठी : एवढं वजन दिलं की विंडोजचा एनटी सर्व्हरही हरायचा.

२००६च्या सुमारास विंडोज व्हिस्टाबरोबर एसएमबीची नवी आवृत्ती, एसएमबी२ आली. शंभराहून जास्त कमांड्सचा पसारा १९वर आला, पण ही हजेरीची व्यवस्था नव्या घरात आलीच नाही. विंडोजने शोधाशोधीसाठी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाची वेगळी पद्धत घेतली. सांबाने ती स्वतःत घेतली नाही. जुनी एसएमबी१ शेजारी चालूच असल्याने पुढची दहा वर्षं कुणाला काही खटकलं नाही.

मग मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला. विंडोजच्या एसएमबी१मधल्या ज्या भोकातून तो शिरला, त्याचा पॅच दोन महिने आधीच निघालेला होता. त्याच वर्षाच्या शेवटी विंडोज १०च्या नव्या इन्स्टॉलेशनमधून एसएमबी१ वगळायला सुरुवात झाली, आणि सप्टेंबर २०१९मध्ये सांबा ४.११नेही ती डीफॉल्टला बंद केली.

यावर वाद झाला, अजून होतो. स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारी अनेक जुनी यंत्रं फक्त एसएमबी१ बोलतात, आणि चालतं यंत्र प्रोटोकॉलपायी भंगारात कोण काढेल? निर्णय बरोबरच होता, असं माझं मत. चूक झाली ती सांगण्यात. दार बंद करताना दारावरची पाटीही निघणार आहे, हे सामान्य वापरणाऱ्यापर्यंत पोचलंच नाही. पाटी दिसेना म्हणून लोकांनी दारच पुन्हा उघडलं : सांबाच्या कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ (कमीत कमी कुठली आवृत्ती चालेल) यापुढे ‘एनटी१’. (एसएमबी१चं सांबातलं नाव हे. ओळ घालणाऱ्या अनेकांना आपण नेमकं काय चालू करतोय याचा पत्ता नसतो.) गंमत म्हणजे नुसत्या या ओळीने ती खिडकी भरतही नाही, कारण यादी मागणारी जुनी सेवा विंडोजकडूनच गेलेली असते. सर्व्हरवर डब्ल्यूएस-डिस्कव्हरी बोलणारा डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्रॅम चालवला की नाव दिसू लागतं.

मॅकचा प्रवास तुलनेने सरळ. २०११मध्ये त्यांनी सांबा काढून स्वतःचं एसएमबी लिहिलं, २०१३पासून स्वतःच्या जुन्या एएफपी पद्धतीऐवजी एसएमबी२ला पहिली पसंती दिली. सर्व्हर शोधायला मॅकला बाँजूर ही सेवा लागते; लिनक्सवर ते काम अवाही हा प्रोग्रॅम करतो. सांबा ४.८पासून, म्हणजे २०१८पासून, मॅकच्या टाइम मशीनचा बॅकअपही सरळ सांबावर घेता येतो.

विंडोजच्या बाजूने नवी अडचण २०२४ची. विंडोज ११च्या २४एच२ अपडेटने प्रो आवृत्तीत एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर डिजिटल सही) डीफॉल्टला सक्तीचं केलं आणि गेस्ट, म्हणजे बिनपासवर्डचा, प्रवेशही बंद केला. पासवर्डच नसेल तर सही करायला किल्ली कुठून येणार? म्हणून सांबात ‘मॅप टू गेस्ट = बॅड युजर’ (अनोळखी युजरला गेस्ट समजा) लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं फोल्डर आता खिडकीत व्यवस्थित दिसतं, आणि डबलक्लिक केलं की उघडत नाही.