खाडीचा काठ कोठे काढायचा?

ठाण्यातील तलावांची यादी मी पहिल्यांदा संगणकावरील नकाशात चढवली, तेव्हा मासुंदा, उपवन आणि कचराळी हे तिन्ही तलाव नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात, बेअर बेटाच्या थोडे दक्षिणेला जाऊन पडले. चूक माझीच होती. ठाणे साधारणपणे 19.2 अंश उत्तर अक्षांश आणि 72.97 अंश पूर्व रेखांशावर आहे. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो, परंतु नकाशाच्या सॉफ्टवेअरला सहसा आडव्या अक्षाचा आकडा, म्हणजे रेखांश, आधी हवा असतो, आणि मी दोन्ही रकाने उलटे जोडले होते. ठाण्याचा रेखांश 90 च्या पुढचा असता, तर तेवढा अक्षांश पृथ्वीवर नसल्यामुळे चूक लगेच उघडी पडली असती. ती सोय आपल्या देशात ईशान्येकडील बहुतेक राज्यांना आणि अंदमानला आहे, ठाणेकरांना नाही.

कागदावर नकाशा काढणारा थेट रेषा ओढतो. संगणकावर आधी तक्ता असतो. प्रत्येक ओळ म्हणजे जमिनीवरची एक वस्तू, आणि तिचा आकार बिंदू, रेषा किंवा बहुभुज यांपैकी एक. बसथांबा बिंदू, घोडबंदर रस्ता रेषा, तलाव बहुभुज. असे अनेक तक्ते एकावर एक थरांसारखे रचले, की पडद्यावर नकाशा उमटतो. गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये सुरू केलेले क्यूजीआयएस हे या कामासाठीचे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आज घरच्या साध्या संगणकावरही चालते. रस्ते व इमारतींचा पाया स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये आरंभलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या सामूहिक नकाशातून घेता येतो. मुख्य अट अशी, की त्या नकाशाच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख आपल्या नकाशावर असला पाहिजे.

पाया तयार मिळाला, की नवख्या माणसाला काम संपल्यासारखे वाटते, आणि नेमक्या त्याच वेळी सॉफ्टवेअर त्याच्या नकळत काही निर्णय घेऊन मोकळे झालेले असते. त्यांतला पहिला प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीचा. पृथ्वीचा गोलावा सपाट पडद्यावर उतरवताना कोठेतरी ताण पडणारच. इंटरनेटवरील बहुतेक नकाशे वेब मर्केटर नावाचे प्रक्षेपण वापरतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे अंतर फुगत जाते. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते हे आपण शाळेत ऐकलेले असते, पण हा फुगवटा आपल्या तलावपाळीपर्यंत पोहोचतो याचा विचार सहसा कोणी करत नाही. ठाण्याच्या अक्षांशावर लांबी सुमारे 6 टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे 12 टक्के जास्त भरते. म्हणजे खरोखर 10 हेक्टरांचा तलाव या प्रक्षेपणात सपाट मोजणीने 11.2 हेक्टरांचा होतो. तलावाचे आक्रमण किती झाले यावर वाद चालू असेल, तर एवढा फरक वादाची दिशा फिरवू शकतो. उपाय सोपा आहे. जगाचे 6 अंश रुंदीचे पट्टे करून बनवलेल्या यूटीएम पद्धतीत ठाणे 43 व्या उत्तर पट्ट्यात येते, आणि त्या पट्ट्याच्या प्रक्षेपणात ठाण्यातील चूक किलोमीटरमागे 20 सेंटिमीटरांच्या आत राहते.

तलावाची सीमा मात्र मोजायची कशी? युरोपचे सेंटिनेल-2 हे उपग्रह 10 मीटरांच्या चौकटींत जमीन टिपतात आणि त्यांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. पाणी डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेते, तर हिरवी पाने तोच प्रकाश जोराने परत फेकतात. म्हणून हिरव्या आणि अवरक्त प्रकाशाच्या नोंदींतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले, की पाणी ठळकपणे वेगळे काढता येते. या गणिताला जलपर्णी फसवते. तिने झाकलेला तलाव उपग्रहाला हिरवळ म्हणून दिसतो, आणि नकाशावर तलाव आक्रसल्याचा भास होतो. पावसाळ्यात तर ढगच आडवे येतात. तेव्हा या कामासाठी पावसानंतरची, आकाश निरभ्र असतानाची चित्रे घ्यावीत आणि काठावर एकदा स्वतः फिरून यावे. हातातील मोबाइलने दाखवलेली जागा 5 मीटरांनी चुकली, तरी 1:25,000 प्रमाणाच्या छापील नकाशावर ती चूक 0.2 मिलिमीटर एवढीच असते.

दुसरा निर्णय रंगांचा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दिशाभूल येथेच होते. समजा, नऊ वस्त्यांतून पाणी तुंबल्याच्या तक्रारी अनुक्रमे 2, 3, 4, 5, 6, 7, 9, 12 आणि 40 आल्या आणि त्या तीन छटांत दाखवायच्या आहेत. समान अंतराचे गट केले, म्हणजे 2 ते 40 या टप्प्याचे तीन सारखे भाग पाडले, तर पहिल्या आठ वस्त्या फिक्या गटात जातात, मधला गट रिकामा राहतो आणि एकच वस्ती गडद दिसते. समान संख्येचे गट केले, तर प्रत्येक छटेत तीन वस्त्या येतात, आणि 9 तक्रारींची वस्ती 40 तक्रारींच्या वस्तीइतकीच गडद होते. दोन्ही नकाशांचा तक्ता एकच आहे आणि दोन्हींत खोटे काही नाही. पण पहिला पाहणारा एकाच जागी पंप पाठवील, तर दुसरा पाहणारा तीन ठिकाणी. शिवाय तक्रारी लोकसंख्येने भागल्या नसतील, तर गडद रंग कधीकधी एवढेच सांगतो, की तेथे माणसे जास्त राहतात.

अक्षरांची अडचण आपली खास आहे. नदीचे किंवा डोंगररांगेचे नाव अक्षरे लांब लांब ठेवून पसरून लिहिण्याची पाश्चात्त्य नकाशाकारांची जुनी रीत आहे. तीच रीत देवनागरीला लावली, की शिरोरेखा तुटते आणि शब्दाची लक्तरे होतात. वळणदार रेषेवर नाव चढवतानाही एकेक अक्षर वेगळे फिरते व तोच प्रकार घडतो. मी ‘उल्हास’ हे नाव नदीच्या वळणांवर चढवून पाहिले. शेवटी ते सरळ, आडवे आणि जरा मोठ्या टंकात लिहिले. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे. तो भरलेला असेल तेथे ते नाव, नाहीतर मूळ नाव, अशी सूचना सॉफ्टवेअरला एका ओळीत देता येते.

खाडीपाशी आल्यावर मात्र मी बरेच दिवस अडकून पडलो. ठाणे खाडीत भरतीच्या वेळी पाणी कांदळवनाच्या मुळांपर्यंत येते आणि ओहोटीला चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. फ्लेमिंगो अन्न शोधतात ते याच चिखलात, आणि त्यांच्यासाठी 2015 मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले. 2022 मध्ये ते रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. सेंटिनेल-2 साधारण सकाळी अकराच्या सुमारास डोक्यावरून जातो, पण भरतीची वेळ रोज बदलते. त्यामुळे एका तारखेच्या चित्रात खाडी ऐसपैस, तर दुसऱ्या तारखेच्या चित्रात अरुंद दिसते. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतानुसार किनारा उधाणाच्या भरतीच्या सरासरी रेषेवर काढतात. किनारपट्टीवरील बांधकामाचे सीआरझेड नियमही भरतीरेषेपासूनच मोजतात. नाविकांच्या नकाशात मात्र खोली ओहोटीच्या पातळीपासून लिहिलेली असते, कारण होडीच्या तळाला चिंता असते ती कमीत कमी पाण्याची. पक्षी पाहायला ऐरोलीला जाणाऱ्या माणसाला तर या दोन रेषांच्या मधलाच प्रदेश हवा असतो, आणि एकच काठ दाखवणाऱ्या नकाशात तो संपूर्ण गायब होतो.

म्हणून मी दोन्ही रेषा काढल्या. भरतीची ठळक, ओहोटीची तुटक, आणि मधल्या पट्ट्याला ओल्या चिखलाचा राखी रंग. कोणती रेषा कोणत्या तारखेच्या चित्रावरून घेतली, ते सूचीत लिहिले. ‘ठाणे खाडी’ ही अक्षरे पाण्याच्या मध्यावर, शिरोरेखा न तोडता, सरळ ठेवली.