फॅनबेल्ट ते नागमोडी बेल्ट : जुन्या इंजिनाला एकच पट्टा घालायची कल्पना आली कुठून

कोल्हापुरात जुन्या गाडीचा नाद असलेल्या माणसाकडं अँबेसिडर, पद्मिनी नाहीतर विलीज जीप यातलं काहीतरी एक हमखास असतं, आणि नाद जरा वाढला की पहिली मागणी येते एसीची. एसी म्हटलं की कॉम्प्रेसर आला, ब्लोअरला आणि फॅनला करंट पुरत नाही म्हणून करंट तयार करणारा जुना डायनामो जाऊन जास्त करंट देणारा अल्टरनेटर आला, मग इंजिनाच्या तोंडाला एका पट्ट्याचे दोन होतात, दोनाचे तीन होतात आणि गॅरेजात उभा असलेला कुणीतरी म्हणतोच, "हे सगळं काढ की भावा, नव्या गाडीला असतोय तसला एकच नागमोडी बेल्ट टाक." म्हणजे सगळ्या पुल्यांवरून वळणं घेत फिरणारा एकच पट्टा. बोलायला सोपं आहे. पण तो एक बेल्ट यायला साठेक वर्षं का लागली हे बघितलं तर जुन्या इंजिनावर तो बसवताना लोकांची नेमकी कुठं फसगत होते तेही कळतं, म्हणून हा मागचा इतिहास.

खरं तर पट्ट्यावर यंत्र कसं चालतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. गुऱ्हाळावर ऑईल इंजिन एकीकडं, उसाचा चरक दुसरीकडं आणि मधे लांबच्या लांब सपाट पट्टा फडफड करत फिरतोय हे चित्र जुन्या लोकांनी रोज बघितलंय. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि इंजिनाचं काम रुजवलं ते शेतीसाठीच, नदीचं पाणी उपसायला आणि गुऱ्हाळ चालवायला. त्या सपाट पट्ट्याच्या पुलीवर हात फिरवून बघा, ती मधे किंचित फुगीर असते. मुद्दाम तशी केलेली असते, कारण सपाट पट्टा आपोआप पुलीच्या उंच भागाकडं सरकतो आणि मधोमध टिकून राहतो, काठावरून निसटत नाही. पट्टा घसरायला लागला की वर राळ टाकायची. चरक उलटा फिरवायचा असेल तर पट्टा मधे एक पीळ देऊन चढवायचा, झालं काम.

पण सपाट पट्ट्याला दोन गोष्टी लागतात, ऐसपैस जागा आणि जबरदस्त ताण. गुऱ्हाळावर जागेला तोटा नाही, गाडीच्या बॉनेटखाली कुठली एवढी जागा? तरी सुरुवातीच्या गाड्यांना सपाट पट्टाच होता, फोर्डच्या मॉडेल टी ला तर त्यावर फक्त पंखा फिरायचा. त्या गाडीत करंट तयार करणारा मॅग्नेटो फ्लायव्हीलमधेच बसवलेला आणि पाणी गरम होऊन आपोआप वर चढतं त्या तत्त्वावर फिरायचं, म्हणजे सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर वॉटर पंपच नव्हता. पट्टा तुटला तरी गाडी काही काळ चालायची, रेडिएटर तापेपर्यंत.

मग १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या गेट्स कंपनीत जॉन गेट्सनं रबर आणि दोऱ्याचा व्ही आकाराचा पट्टा केला. त्याची करामत घर्षणात आहे. व्ही पट्टा पुलीच्या तळाला टेकत नाही, तो दोन्ही बाजूंच्या उतारात पाचरीसारखा अडकतो, आणि खाचेचा कोन ४० अंशाच्या आसपास असेल तर त्याच ताणात त्याची पकड सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट होते. (हिशोब करायचा असेल तर घर्षणाला २० अंशाच्या साइननं भागा, ०.३४ नं.) त्यामुळं पुल्या जवळजवळ आणता आल्या, ताण कमी झाला, बेअरिंगं टिकायला लागली. पुढची साठ वर्षं गाडीचा फॅनबेल्ट म्हणजे हाच.

आपली अँबेसिडर त्याच जमान्यातली. १९५८ ला सुरू झाली, २०१४ ला बंद पडली, आणि १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाचं तोंड बघितलं तर साधा त्रिकोण दिसतो: खाली क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची), वर वॉटर पंप आणि त्यालाच पंखा, बाजूला डायनामो. एक व्ही पट्टा, विषय संपला. ताण द्यायचा तर डायनामोचे बोल्ट सैल करायचे, पहारीचं टोक मधे घालून डायनामो बाहेर रेटायचा आणि तसाच दाबून धरून बोल्ट आवळायचा, मग लांबच्या गाळ्यात अंगठ्यानं दाबून पट्टा अर्धा इंचभर जातोय का बघायचं. गगनबावड्याच्या नाहीतर आंबोलीच्या घाटात पट्टा तुटला तरी डिकीत एक जुना पडलेला असायचाच. त्या काळच्या २२ अँपिअरच्या डायनामोतून तीनेकशे वॉट निघायचे, तेवढं ओढायला एक व्ही पट्टा भरपूर झाला.

अमेरिकेत मात्र गाड्यांवर सामान चढत गेलं. १९५१ ला क्रायसलरच्या इम्पिरियलमधे पॉवर स्टिअरिंग आलं, एसी हळूहळू चैनीतून सवयीत गेला, १९६० पासून अल्टरनेटर यायला लागले, आणि साठच्या दशकात धूर कमी करायच्या कायद्यांमुळं एक्झॉस्टमधे हवा सोडणारा आणखी एक पंप आला. प्रत्येकाला वेगळा नाहीतर जोडीनं पट्टा. इंजिनापुढं पट्ट्यांचे तीन-चार थर झाले आणि सगळ्यात आतला बदलायचा तर बाहेरचे सगळे उतरवा, परत प्रत्येकाला वेगळा ताण द्या. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, १९७५ ला मायलेजचा कायदा झाला, गाड्या लहान व्हायला लागल्या आणि इंजिनं आडवी बसायला लागली, म्हणजे इंजिनाची लांबी एकेक इंचानं कमी करायची वेळ आली. पट्ट्यांचे चार थर परवडेनात.

एकच पट्टा सगळीकडं फिरवावा हे सुचायला फार अक्कल लागत नाही, अडचण अशी होती की व्ही पट्टा जाड. तो उलट्या बाजूनं वाकवला किंवा अगदी लहान पुलीवर घातला की आतल्या आत गरम होतो आणि लवकर मरतो. सपाट पट्टा कसाही वाकतो पण त्याला पकड नाही. मधला मार्ग म्हणजे पातळ सपाट पट्टा आणि त्याच्या एका अंगाला बारीक बारीक व्ही धारा. गाड्यांना जो पीके मापाचा पट्टा लागतो त्यात एका धारेपासून दुसरीपर्यंत ३.५६ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे सहा धारांचा पट्टा जेमतेम २१ मिलिमीटर रुंद. दुकानात ६ पीके १२०० मागितलं तर सहा धारा, १२०० मिलिमीटर लांबी. धारांची बाजू काही पुल्या फिरवते, गुळगुळीत पाठ बाकीच्या फिरवते, आणि पट्टा वरखाली वळणं घेत सगळ्यांना भेटून येतो. १९७९ च्या फोर्ड मस्टँगवर हा पट्टा आला आणि ऐंशीच्या दशकात बाकीचे त्या वाटेनं गेले, १९८४ च्या नव्या कॉर्व्हेटलाही तोच होता.

माझ्या मते खरा हिरो पट्टा नाहीच, टेन्शनर आहे, म्हणजे पट्ट्याला ताण देणारी पुली. लोक किट घेताना पट्ट्याची चौकशी करतात आणि टेन्शनर मिळेल तो उचलतात, हे उलटं आहे. सात पुल्यांवरून जाणाऱ्या पट्ट्याला पहारीनं ताण देऊन भागत नाही, कारण एसीचा क्लच धरला की ओढ एकदम वाढते, सोडला की कमी होते, पट्टा तापून लांबतो ते वेगळंच. स्प्रिंगचा आपोआप हलणारा टेन्शनर हे सगळं स्वतः सांभाळतो. आणि तो कुठंही बसवून चालत नाही, क्रँक पुली पट्ट्याला ज्या बाजूनं ओढून घेते ती बाजू ताठ असते आणि जिथून सोडते ती ढिली, टेन्शनर त्या ढिल्या बाजूलाच पाहिजे. ताठ बाजूला बसवला तर इंजिनाची ओढ स्प्रिंगलाच मागं रेटते आणि पट्टा घसरतो.

दुसरी गोष्ट फिरण्याच्या दिशेची, आणि जुन्या इंजिनावर सगळ्यात महाग पडणारी हीच. व्ही पट्ट्याच्या त्रिकोणात वॉटर पंप क्रँकच्याच दिशेनं फिरतो. नागमोडी मांडणीत तोच पंप पट्ट्याच्या पाठीवर आला की उलटा फिरतो. ऐंशीच्या दशकात शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनांना म्हणूनच उलट्या दिशेचे पंप निघाले, बाहेरून बघायला जुन्यासारखेच, आतला पाती असलेला इंपेलर मात्र उलट्या वळणाचा. चुकीची जोडी झाली तर पाणी फिरतं पण पुरेसं फिरत नाही, गाडी गावात ठीक चालते आणि चढाला काटा लाल पट्टीत. पंख्याचंही तेच, पंपावरचा पंखा उलटा फिरला की रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी पुढं ढकलतो. अमेरिकेत ठराविक इंजिनांना सगळं जुळवलेलं किट मिळतं, पंपासकट. आपल्याकडं अँबेसिडरला असं तयार काही नसतं, म्हणून शहाणपणाची मांडणी म्हणजे पंप धारांच्या बाजूलाच ठेवायचा, आयडलर (पट्टा नुसता वळवणारी मोकळी पुली) वाढवावा लागला तरी चालेल, किंवा पंपावरचा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा लावायचा आणि निम्मी भानगड मिटवायची.

पुली करून घेणं ही कोल्हापुरात अडचण नाहीच. उद्यमनगरात नमुना आणि माप घेऊन गेलं की लेथवर धारा पाडून देणारे कारागीर आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या तर मोठमोठ्या गाडी कंपन्यांना कास्टिंग पुरवतात. अडचण असते ती सरळ रेषेची. सपाट पट्टा फुगीर पुलीवर स्वतःला सावरून घेत होता, धारांचा पट्टा तसलं काही करत नाही, पुल्या मिलिमीटरभर जरी पुढंमागं झाल्या तरी चिवचिव सुरू होते. ब्रॅकेट पातळ पत्र्याचं असलं की इंजिन रेस केल्यावर ते लवतं आणि तीच चिवचिव. अशा वेळी चालू इंजिनात धारांच्या बाजूला पाण्याचा बारीक फवारा मारायचा (हात लांब ठेवून, बाही वर करून): आवाज क्षणभर गेला तर पुल्या रेषेत नाहीत, वाढला तर पट्टा ढिला आहे. क्रँक पुली बदलताना आणखी एक, टायमिंगची खाच, म्हणजे ठिणगी कधी पडावी ते लावायची खूण, त्या जुन्या पुलीवरच असते. नवी करताना ती खाच त्याच जागी पाडून घेतली नाही तर पुढच्या ट्यूनिंगला मेस्त्री अंदाजानं टायमिंग लावणार. ज्या इंजिनाच्या पुलीत रबराचा थर आहे ती नुसती पुली नसते, क्रँकची थरथर गिळायचं काम तिच्याकडं असतं, तिथं लेथवरचा लोखंडी गोळा बसवू नये.

पट्ट्याचं रबरही मधल्या काळात बदललं. पहिले नागमोडी पट्टे निओप्रीनचे, जुने झाले की त्यांना आडव्या भेगा पडायच्या आणि मेस्त्री भेगा बघून सांगायचा बदला म्हणून. २००० च्या आसपास ईपीडीएम रबर आलं, त्याला भेगा जवळजवळ पडतच नाहीत, ते टायरसारखं झिजतं. वरून नवा दिसणारा पट्टा धारा झिजून पुलीच्या तळाला टेकलेला असू शकतो, म्हणजे व्हीची पाचर गेली आणि उरला सपाट पट्टा, राळेविना. आजही गॅरेजात भेगाच शोधतात.

या पट्ट्याविरुद्ध जुने लोक एक मुद्दा मांडतात आणि तो खरा आहे: तीन पट्टे असताना एसीचा तुटला तर घामाघूम होऊन का होईना घरी येता येतं, एकच पट्टा तुटला तर चार्जिंग, पाणी, स्टिअरिंग सगळं एकदम जातं. म्हणून डायनामोवर चालणाऱ्या, एसी नसलेल्या अँबेसिडरला हा खटाटोप करूच नये असं मी म्हणेन. ६० अँपिअरचा अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही ओढायचं असेल तर मात्र एका अरुंद व्ही पट्ट्यावर भार टाकत बसण्यापेक्षा हे बरं.

कायद्याची बाजूही बघून घ्या. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या पुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. पट्ट्याची मांडणी बदलणं त्यात धरतील की नाही हे कागद तपासणाऱ्यावर आहे, तेव्हा कापाकापी आणि वेल्डिंग न करता मूळ भोकांवरच बोल्टनं बसेल असं ब्रॅकेट करून घ्या आणि जुनी पुली, डायनामो, त्याची पट्टी सगळं ग्रीस लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा, भंगारवाला दारात आला तरी देऊ नका.