मसुराएवढ्या भोकातून

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या दारातून समोरची अष्टकोनी बाप्तिस्म्याची इमारत दिसते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुकार फिलिपो ब्रुनेलेस्कीनं ती फूटभर लांबीरुंदीच्या लाकडी फळीवर रंगवली आणि मग त्या चित्रालाच भोक पाडलं! चित्राच्या बाजूनं मसुराच्या दाण्याएवढं, मागे रुंद होत गेलेलं. बघणाऱ्यानं फळीच्या पाठीमागून भोकाला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हातातल्या आरशात चित्र पाहायचं. आरसा बाजूला केला की समोर खरी इमारत, अगदी तशीच. आरशात डावं-उजवं उलटतं खरं, पण इमारत दोन्हीकडून सारखीच असल्यानं ते खपून गेलं. सपाट फळीवर जवळ-दूर मोजून-मापून हुबेहूब दाखवायच्या या रीतीला यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) म्हणतात.

आकाश मात्र त्यानं रंगवलंच नाही. तिथे घासून चकचकीत केलेली चांदी बसवली, म्हणजे खरे ढग चित्रात सरकायचे. मला ही युक्ती सगळ्यांत आवडते. ढगाला कडा नाही, मग मोजणार काय?

फळी पुढे हरवली. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार मानेत्तीनं ती हातात घेऊन पाहिली होती, म्हणून आपल्याला एवढं कळतं.

यामागचं गणित शाळेतलं, समरूप त्रिकोणांचं. वस्तूकडून प्रकाश सरळ रेषेत डोळ्यात येतो, हे अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमनं अकराव्या शतकात मांडलं होतं आणि लॅटिन भाषांतरातून ते युरोपात पोचलं होतं. डोळ्यासमोर काच उभी आहे असं समजा. १० मीटरवरचा खांब २० मीटरवर नेला, की काचेवर त्याची उंची निम्मी भरते. १४३५ मध्ये इटालियन लेखक-वास्तुकार आल्बेर्तीनं चित्रकारांसाठी हे नियम लिहून काढले. त्याआधीच्या चित्रांत आकार बहुधा मानावरून ठरे: येशूची आई मारिया मोठी, देवदूत लहान, मागे सोन्याचा वर्ख.

चित्रकार मासाच्चोनं १४२७च्या सुमारास फ्लॉरेन्समधल्याच सांता मारिया नोव्हेला चर्चच्या भिंतीवर 'पवित्र त्रैक्य' रंगवलं, तेव्हा त्यानं गिलाव्यात ओढलेल्या रेषांच्या खुणा आजही सापडतात. चित्रातल्या कमानदार छताच्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी मिळतात, साधारण उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. चित्र देवाचं, पण मोजमाप फरशीवर उभ्या असलेल्या माणसापासून.

एक गोम उरतेच. हे सगळं एका डोळ्याचं, एका जागी खिळलेल्या माणसाचं बघणं आहे; भोक पाडावं लागलं ते म्हणूनच. शिवाय दूरचे डोंगर नुसते लहान होत नाहीत, निळसर आणि धूसरही होतात, कारण मध्ये हवा असते. लिओनार्दोनं हे बारकाईनं नोंदवलं. हवा पट्टीनं आखता येत नाही. 'मोनालिसा'च्या मागे त्यानं ती पातळ रंगांच्या थरांनी आणली.