मुलांचा बॉडी मास इंडेक्स
बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय, हा उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा आकडा आहे. किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १९व्या शतकात हे गुणोत्तर मांडले. आजचे नाव त्याला १९७२ मध्ये मिळाले.

सूत्र सर्वांना एकच असले, तरी प्रौढांच्या निरोगी वजनाच्या १८.५ आणि २५ या मर्यादा मुलांना लावता येत नाहीत. वाढत्या वयात बीएमआय स्थिर नसतोच. पहिल्या वर्षात तो चढतो, मग उतरत साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास सर्वांत खाली येतो आणि तिथून पुन्हा चढू लागतो. ही दुसरी चढण फार लवकर सुरू झालेल्या मुलांत पुढे लठ्ठपणा जास्त आढळतो. वयात येताना मुलींच्या अंगात चरबीचे प्रमाण वाढते, तर मुलग्यांत स्नायू भरतात.

म्हणून मुलाचा आकडा त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या मुलांशी ताडून पाहतात. ही तुलना पर्सेंटाइलमध्ये सांगतात: ७० वा पर्सेंटाइल म्हणजे तुलनेच्या गटातील ७० टक्के मुलांचा बीएमआय याहून कमी. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी हिच्या तक्त्यांत (२ ते १९ वर्षे) ५ व्या पर्सेंटाइलखाली कमी वजन, ८५ ते ९५ च्या आत जास्त वजन आणि ९५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात. १४० सेंटीमीटर उंचीच्या, ४५ किलोच्या दहा वर्षांच्या मुलग्याचा बीएमआय सुमारे २३ येतो आणि तो लठ्ठपणाच्या गटात जातो. पंधरा वर्षांच्या मुलग्याचा हाच २३ निरोगी गटात बसतो. जागतिक आरोग्य संघटनेचे ५ ते १९ वर्षांसाठीचे तक्ते प्रमाण विचलनावर (म्हणजे आकडे सरासरीपासून किती दूर पसरतात याच्या मापावर) आधारलेले असल्याने त्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. त्यामुळे कोणता तक्ता वापरला, हे नोंदवणे आवश्यक ठरते.

मोजमापातील चूकही महागात पडते. वरच्या उदाहरणात उंची दोन सेंटीमीटर कमी लिहिली, तर २३ चा आकडा २३.६ होतो.

बीएमआय चरबी मोजत नाही. कसलेल्या खेळाडू मुलाचा तो जास्त येऊ शकतो, आणि कुपोषणाने उंची खुंटलेल्या मुलाचा अगदी साधारण दिसू शकतो. तेव्हा ही चाळणी आहे, निदान नव्हे. एका मोजणीपेक्षा तक्त्यावर अनेक वर्षांत उमटलेली रेषा डॉक्टरांना जास्त सांगते: ती अचानक वर चढली किंवा खाली घसरली, तर आहार, झोप, हालचाल, औषधे आणि आई-वडिलांची शरीरयष्टी यांची चौकशी करावी लागते. वाढत्या मुलाला केवळ आकड्यावरून उपाशी ठेवणे मात्र धोक्याचे आहे. पुष्कळदा वजन आहे तिथेच रोखून उंची वाढू दिली, तरी बीएमआय आपोआप खाली येतो.