गॅलरी केमोल्ड

मुंबईतील आधुनिक व समकालीन कलेचे खासगी कलादालन. सध्याचे नाव केमोल्ड प्रेस्कॉट रोड. देशातील सर्वांत जुन्या व्यावसायिक दालनांपैकी एक.

सुरुवात चित्रांच्या चौकटींच्या (फ्रेमच्या) धंद्यातून झाली. केकू गांधी (१९२०–२०१२) यांनी १९४१ मध्ये ‘केमोल्ड फ्रेम्स’ सुरू केले आणि दुकानात हुसेन, आरा, हेब्बर अशा तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रे लावायला घेतली. फ्रेमसाठी आलेले गिऱ्हाईक जाताजाता चित्रही पाहून जाई. १९५२ मध्ये काळा घोडा येथे जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली, तिच्यासाठी खटपट करणाऱ्यांतही केकू होते. पुढे १९६३ मध्ये त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केकू व पत्नी खोर्शेद यांनी गॅलरी केमोल्ड उघडली.

एकाच छपराखाली दोन रीती नांदू लागल्या. खाली जहांगीरमध्ये चित्रकाराने आठवड्याचे भाडे भरायचे आणि आपले प्रदर्शन आपणच मांडायचे. तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते, हे प्रत्येक चित्रकाराला पाठ. वर केमोल्डमध्ये चित्रकार दालनाने निवडायचा, त्याच्यामागे उभे राहायचे आणि विक्रीतला वाटा घ्यायचा. व्यावसायिक दालनांत हा वाटा आजही बहुधा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असतो. निम्मा वाटा ऐकून नवखा चित्रकार दचकतो. पण न खपणारी प्रदर्शनेही त्याच पैशांवर चालतात.

अशा प्रदर्शनाचा ठळक दाखला म्हणजे नलिनी मलानी यांचे ‘सिटी ऑफ डिझायर्स’ (१९९२). मलानी यांनी दालनाच्या भिंतींवरच चित्रे काढली आणि पंधरवड्याने त्यांवर पांढरा रंग फिरवण्यात आला. राजस्थानातील नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रे हेळसांडीने नष्ट होत होती, तो संदर्भ त्यामागे होता. विकायला उरल्या कोऱ्या भिंती. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ मध्ये आले. त्याआधीची कित्येक वर्षे संग्रहालयाने करायची कामे दुकानदारीच्या हिशेबात बसवून अशा दालनांनीच केली, असे म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मोलाची घटना सत्तरच्या दशकातली. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकाराने प्रकाशात आलेले डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रे येथे लागली. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीसाठी घराच्या भिंतीवर काढायचे चित्र, लिहिणे हे परंपरेने सवाशिणींचे काम. म्हसे यांनी विधीबाहेर, कागद-कापडावर रोजच्या जगण्याची चित्रे काढली. पाड्यावरचा माणूस इथे नाव असलेला चित्रकार म्हणून आला, अनामिक ‘लोककला’ म्हणून नव्हे. पुढे वारली चित्रे कपबशांपासून कुर्त्यांपर्यंत सगळीकडे पोचली, त्यात या दालनाचा हात नाही.

१९८८ पासून कारभार कन्या शिरीन गांधी यांच्याकडे आहे. अतुल दोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन (१९८९) येथलेच. जितीश कल्लाट, शिल्पा गुप्ता, मिठू सेन ही नावेही दालनाशी जोडलेली आहेत. जहांगीरवरची जागा मोठ्या मांडणीशिल्पांना (इन्स्टॉलेशन) अपुरी पडे. २००७ मध्ये दालन फोर्टमधील क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. पन्नाशीनिमित्त कलासमीक्षक गीता कपूर यांनी २०१३–१४ मध्ये पाच प्रदर्शनांची मालिका रचली. नवोदितांसाठी ‘केमोल्ड कोलॅब’ हे वेगळे दालन २०२२ मध्ये कुलाब्यात सुरू झाले.