उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

सातारा जिल्ह्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना तोटा नाही. अपशिंग्यासारख्या फौजी गावात जवान सुट्टी संपवून सीमेवर गेला की गाडी अंगणात राहते. पाटण-जावळीतला माणूस मुंबईला नोकरीवर परतला की त्याची गाडी गणपतीपर्यंत ताडपत्रीखाली. पुढच्या सुट्टीला किल्ली फिरवावी तर बॉनेटखालून नुसतं ‘टक्‌’. मग कुणाच्या तरी जीपवरून जंपर लावायचा आणि दुकानात ऐकायचं, ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ नवी येते, आणि पुष्कळदा पुढच्या सुट्टीला तीही बसलेली असते.

बॅटरी उतरली हे लक्षण झालं, निदान नव्हे. निदानाची सुरुवात मल्टिमीटरच्याही (व्होल्ट आणि अँपिअर मोजणाऱ्या मीटरच्या) आधी गुणाकारानं होते.

लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. १ अँपिअर प्रवाह ती ढोबळमानानं ३५ तास देईल. किल्ली काढली तरी गाडी पूर्ण बंद होत नाही. घड्याळ, रिमोटची वाट पाहणारं सेंट्रल लॉकिंग, चोरीचा अलार्म, इंजिनाच्या कॉम्प्युटरची स्मृती हे सगळं थोडाथोडा प्रवाह घेतच असतं. निर्दोष गाडीत ही बेरीज बहुधा २० ते ५० मिलिअँपिअर (अँपिअरचे हजारावे भाग) भरते. ३० धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास आणि महिन्याला जवळजवळ २२. तीन-चार वर्षांच्या बॅटरीत ३५ पैकी खरी क्षमता २५ उरलेली असेल, तर महिन्याभरात खेळ आटोपला. त्यात माण-खटावचा एप्रिल-मे असेल तर आणखी भर पडते, कारण बॅटरी आतल्या आतही झिजते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ही झीज साधारण दुप्पट होते. म्हणजे दोन महिने उभी राहून गाडी बसली, तर तिच्यात काहीही बिघडलेलं नसू शकतं. तिथे इलाज दहाच्या पान्याचा: जाताना निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवायचं. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो.

‘घरच्यांना सांगितलंय, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करतात,’ हा उपाय मला कधीच पटलेला नाही. सेल्फ मारायला दीडशे अँपिअर लागले तरी ते दोन सेकंदांपुरते, म्हणजे ०.१ अँपिअर-तासही खर्च होत नाही. खर्च किरकोळ आहे, पण जमाही किरकोळच. उभ्या इंजिनावर बॅटरीत ५ अँपिअर जात असतील तर दहा मिनिटांत ०.८ अँपिअर-तास भरतील. आठवड्याची गळती ५ अँपिअर-तासांची. त्यापेक्षा कुणीतरी गाडी काढून साताऱ्याहून वाईला जाऊन आलेलं बरं.

आता खऱ्या बिघाडाकडे. किती दिवसांत उतरते, हे आधी आठवून पाहा. एका रात्रीत, समजा दहा तासांत, २० अँपिअर-तास संपायचे तर सतत २ अँपिअर जायला हवेत. हे काम डॅशबोर्डच्या घड्याळाचं नाही. पार्किंग लाइट चालू राहिले असतील, एखादा रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, चिकटला असेल, नाहीतर बॅटरीच संपलेली असेल. तीन दिवसांत उतरत असेल तर डिकीतल्या ५ वॉटच्या दिव्यावर पहिला संशय घ्यावा. तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो, दिवसाला १०. डिकी बंद केल्यावर तो विझला की नाही, हे बाहेरून दिसत नाही. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवा आणि डिकी लावा. दहा-बारा दिवस लागत असतील, तर प्रवाह नेहमीच्या थोडासाच वर आहे. हा प्रकार सर्वांत चिवट.

मीटर हातात घ्यायचा तो आधी बॅटरी आणि गाडी यांतला दोषी ठरवायला. बॅटरी पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह सोडा आणि तिला दोन रात्री एकटी राहू द्या. चार्जिंगनंतर लगेच मोजलं तर आकडा फसवा, वरचा येतो. काही तास जायला हवेत. निवलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ म्हणजे रिकामीच. एकटी असतानाही आकडा घसरला तर बॅटरी आतून खराब. टिकला तर दोष गाडीत. दुकानात नवी बॅटरी घेण्याआधी ही चाचणी क्वचितच होते. तिला लागतात फक्त दोन रात्री, आणि दुकानदार तेवढं थांबेल कशाला?

चांगली बॅटरीही पुन्हा पुन्हा पूर्ण उतरली की कायमची बिघडते. वीज देताना तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्जिंग मिळालं तर ते विरघळून मूळ रूपात जातं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे स्फटिक मोठे नि कठीण होतात आणि पट्टीचा तेवढा भाग निकामी होतो. म्हणून गळती न शोधता नवी बॅटरी घालणं म्हणजे तिचंही आयुष्य कमी करणं.

गाडीतली गळती मोजायची तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून, बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि सुटलेली निगेटिव्ह केबल यांच्या मध्ये जोडतात. सगळा प्रवाह मीटरमधून जातो, म्हणून या वेळी सेल्फ चुकूनही मारायचा नाही. पण जोडल्या जोडल्या २-३ अँपिअर दिसले म्हणून घाबरू नका. केबल सुटून पुन्हा जोडली गेली की गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात. दार उघडलं तरी होतात. ते निजायला वीस मिनिटं ते तासभर लागतो. तान्हं बाळ झोपलंय का हे पाहायला दिवा लावावा आणि त्यानंच ते उठावं, तशी ही मोजणी आहे. म्हणून तयारी आधी करायची: काच खाली, बॉनेट उघडं, दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं दाबून ‘बंद’ केलेलं, रिमोटची किल्ली लांब घरात. मग मीटर जोडून चहा घेऊन यायचं. आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावला तर गाडी निर्दोष. ३०० वर अडला तर कुणीतरी जागं आहे.

ते कोण, हे शोधायला जुने कारागीर एकेक फ्यूज उपटत जातात. नव्या गाड्यांत ही रीत गोंधळ घालते, कारण फ्यूज काढला-घातला की पुन्हा कुणीतरी उठतं. ओहमचा नियम इथे कामी येतो: प्रवाह गुणिले रोध म्हणजे व्होल्ट. फ्यूज ही तारच. तिलाही जरासा विद्युतरोध असतो. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजचा रोध सुमारे ७ ते ८ मिलिओहम. त्यातून १०० मिलिअँपिअर जात असतील तर दोन टोकांत पाऊण मिलिव्होल्टचा फरक पडतो. फ्यूजच्या पाठीवर मीटर टेकवण्यासाठीच दोन बारीक धातूचे ठिपके उघडे ठेवलेले असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या ठिपक्यांना लावत जा. बहुतेक ठिकाणी शून्य येईल. आकडा दिसला की तीच शाखा. काहीही न उपटता, कुणालाही न उठवता.

त्या शाखेवर बाहेरून बसवलेली वस्तू असेल, तर आधी तिच्याकडेच बघा. म्युझिक सिस्टिमला दोन वायरी लागतात: पिवळी कायम चालू, लाल किल्लीबरोबर चालू-बंद. किल्ली नसतानाही गाणी वाजावीत म्हणून दोन्ही कायमच्या लाइनवर जोडण्याचा उद्योग चौकाचौकात चालतो. डॅशकॅम आणि गाडी कुठे आहे ते कळवणाऱ्या ट्रॅकरचंही तसंच. ट्रॅकरला मोबाइलचं नेटवर्क शोधावं लागतं. कोयना खोऱ्यातल्या एखाद्या दरीत सिग्नल क्षीण असला की तो जास्त शक्ती लावून संदेश पाठवतो.

सगळे फ्यूज शून्य दाखवतात, तरी प्रवाह जातोच, असंही होतं. मग अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या जनित्राकडे, वळा. त्याची जाड वायर फ्यूजच्या या डब्यातून जात नाही. अल्टरनेटरमधले डायोड वीज एकाच दिशेनं जाऊ देतात, म्हणजे बॅटरीकडे. एखादा डायोड गळका झाला की इंजिन बंद असताना बॅटरीतून उलटा प्रवाह वाहतो. गाडी रात्रभर उभी आहे, इंजिन थंडगार आहे, पण अल्टरनेटर हाताला कोमट लागतोय, तर शंका पक्की समजा. खात्रीसाठी निगेटिव्ह सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढावी, तिचं टोक टेपनं गुंडाळावं आणि गळती पुन्हा मोजावी. आकडा खाली आला तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना ‘बॅटरी बघा’ म्हणू नका. आधीचा आणि नंतरचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्या आणि डायोड तपासायला सांगा.